हिलरीने वाचलेलं नाव

हिलरी कोळ्याचा मुलगा, पण होडीत पाय ठेवला की त्याच्या पोटात कालवायला लागायचं. बंदरात ही गोष्ट झाकून राहण्यासारखी नव्हती. बापाने एकदा हट्टाने त्याला बरोबर नेलं, तर खाडीचं तोंड ओलांडायच्या आतच पोरगा काठावर वाकून मोकळा. होडीवरचे सगळे हसले. रेमंड तेव्हा मिसरूड फुटलेला, शेजारच्या आळीतला. तो सगळ्यांत मोठ्याने हसला आणि म्हणाला, "टाक टाक, मासळीला खाना टाक. आज जालं भरनार!" आणि मग आपल्याच डोक्याचा रुमाल सोडून, समुद्राच्या पाण्यात पिळून, त्याने हिलरीचं तोंड पुसलं. हसणंही हिलरीच्या लक्षात राहिलं आणि रुमालही. बापाने मात्र त्या दिवशी ठरवलं, याला शाळेतच राहू द्यायचं.

शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून वाचायची. हिलरी हुशार म्हणावा असा नव्हता, पण एकदा हातात घेतलं की सोडत नसे. वसई स्टेशनाजवळच्या क्लासात कॉम्प्युटर शिकला आणि अंधेरीला एका औषधाच्या कंपनीत, मोठ्या यंत्राच्या खोलीत कामाला लागला. काम काय, तर टेप बदलायच्या, छापलेले कागद फाडून ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचे. तिथेच त्याला शेलची ओळख झाली. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा, यंत्राने तो पाळायचा, एवढीच गोष्ट. पण दहा हुकूम एका फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवले की माणसाचं दिवसभराचं काम यंत्र चहा होईस्तोवर करून टाकतं, हे कळल्यावर तो त्या शेलच्या प्रेमातच पडला. त्यातले शब्द आखूड होते. मराठी शाळेतल्या मुलाला लांबलचक इंग्रजी लिहावं लागत नव्हतं. पुढे लग्न झालं, शर्लिन घरात आली, तर ती चेष्टेने म्हणायची, "माझ्याशी बोलतो त्याच्यापेक्षा जास्ती त्या काल्या पाटीशी बोलतो."

रेमंड दर्यावर गेला आणि परत आला नाही, ती गोष्ट सत्त्याण्णवची. भावाची, प्लासिडची, होडी घरची होती, पण त्या दिवशी दुसऱ्या एका होडीला माणूस कमी पडला म्हणून रेमंड तिच्यावर गेला. वादळ असं मोठं नव्हतंच. होडी डहाणूच्या बाजूला उलटी सापडली. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. रेमंडचं काहीच मिळालं नाही. चप्पलसुद्धा नाही.

लोकांनी रेजिनाला, त्याच्या बायकोला, समजावलं. एक मिस्सा करून टाकू, आत्म्याला शांती. ती म्हणाली, "ज्याला मी पायला नाय त्याला मी पुरू कशी?" एवढंच. रडणं नाही, भांडण नाही. हातातल्या बांगड्या तशाच, डोक्यात अबोलीची वेणी तशीच. आणि अगदीच वेड्यासारखं होतं असंही नाही. पाकिस्तानवाले होड्या पकडून नेतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. डहाणूकडचा एक माणूस चार वर्षांनी तुरुंगातून सुटून घरी येऊन उभा राहिला होता, तेव्हा त्याच्या बायकोने आधी दार लावून घेतलं होतं म्हणे. ही गोष्ट रेजिना कुणालाही सांगायची नाही, पण दुसरं कुणी सांगायला लागलं की हातातलं काम थांबवून ऐकायची.

दोन हजार दोन साली चर्चमध्ये फादर सेबेस्टियन आले. वयाने तरुण, सगळं नीट मांडून ठेवायची हौस. कुणीतरी जुना कॉम्प्युटर दान दिला होता, तो त्यांनी हिलरीच्या हवाली केला. "हिलरी, आपल्या सगळ्या कुटुंबांची नोंद यात झाली पाहिजे. आळीप्रमाणे, घराप्रमाणे. जमेल?"

"जमेल फादर," हिलरी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चर्चसाठी काही करता येणार होतं. जाळी ओढायच्या हातांनी लोकांनी चर्चला मंडप बांधून दिले होते, मोठ्या सणाला मासळी दिली होती. हिलरीने आजवर फक्त खुर्च्या मांडल्या होत्या.

त्याने त्या यंत्रावर लिनक्स नावाची प्रणाली बसवली, कारण ती फुकट मिळत होती, आणि सगळं काम शेलमध्ये करायचं ठरवलं, कारण त्याला तेच येत होतं. कंपनीतला त्याचा साहेब म्हणाला, "अरे, याला डेटाबेस वापरतात. शेलला फक्त ओळ कळते. त्याच्यात पेटीत पेटी ठेवायची सोय नाही."

खोटं नव्हतं ते. शेलच्या लेखी सगळं जग म्हणजे नुसती अक्षरांची ओळ. बंदरात आळी, आळीत घर, घरात माणूस, माणसाला आणखी चार गोष्टी, असं एकाच्या पोटात एक त्याला समजत नाही. पण हिलरी हट्टी. त्याने प्रत्येक आळीचा एक फोल्डर केला, त्यात प्रत्येक घराचा फोल्डर, त्यात प्रत्येक माणसाची एक फाइल. मग त्याने स्वतःचे प्रकार बनवले. 'घर' म्हणजे काय आणि 'माणूस' म्हणजे काय, हे त्याने शेलला शिकवलं. माणूस म्हटला की त्याला नाव पाहिजे, बाप्तिस्म्याची तारीख पाहिजे, कुणाच्या घरातला ते पाहिजे, आणि स्थिती पाहिजे. जिवंत किंवा मृत. यातलं काही राहिलं तर शेल अडून बसायचा, पुढे जायचा नाही. मराठी अक्षरं तेव्हा त्या यंत्रात बसत नव्हती, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची. साहेबाने एकदा ते पाहिलं आणि म्हणाला, "वेडा आहेस. पण चालतंय खरं." हिलरीला हे बक्षीस वाटलं. त्याने घरी येऊन शर्लिनला ते सांगितलं, मग जेवताना पुन्हा सांगितलं.

माहिती गोळा करायला तो दारोदार जायचा. रेजिनाकडे गेला तेव्हा ती अंगणात मासळी निवडत होती. हात धुऊन तिने चहा टाकला. सासू-सासरे वारलेले, त्यांची नावं तिने सांगितली. स्वतःचं सांगितलं. मग थांबली.

"रेमंडदादाचं?" हिलरीने विचारलं. "म्हणजे वयनी, यंत्राला स्थिती लागते. जिवंत की…"

"दर्यावर हाय," ती म्हणाली.

"हो, पण लिहायचं काय?"

"तेच लिव. खोटं हाय का त्यात?"

हिलरी अडला. मग त्याला एकदम उमाळा आला. डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसणारा रेमंड त्याला आठवला. तो म्हणाला, "लिहितो वयनी. तुझ्यासाठी वेगळी तिसरी स्थिती करतो. जिवंत, मृत आणि दर्यावर. दुसऱ्या कुणासाठी नाही, फक्त रेमंडदादासाठी."

रेजिनाने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला जे हवं होतं ते कुणी दिलं नव्हतं, आणि हा कालचा ओकारी काढणारा पोरगा यंत्रात जागा करून देत होता. ती आत गेली आणि सणासाठी ठेवलेल्या डब्यातलं केळ्याचं वाळवण त्याच्या हातावर ठेवलं. हिलरी चहा पिऊन, ते खाऊन, मोठ्या समाधानाने घरी आला. रेमंडच्या फाइलीत त्याने स्थितीपुढे लिहिलं, दर्यावर. शेलला सांगितलं की हा शब्दही चालतो, अडू नको.

आता मृतांच्या दिवसाचं सांगायला हवं. दोन नोव्हेंबरला संध्याकाळी सगळं बंदर दफनभूमीत जमतं. कबरी आधीच साफ केलेल्या असतात, वाळू सारखी केलेली, झेंडूच्या माळा टाकलेल्या. जुनी पद्धत अशी होती की प्रत्येक घराने आपल्या मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून फादरांकडे द्यायची. फादर जशा हाताला लागतील तशा चिठ्ठ्या वाचायचे. एकाच घराच्या दोन चिठ्ठ्या दोन टोकांना निघायच्या, कुणाचं अक्षर लागायचं नाही, उशीर व्हायचा, मुलं पेंगायची. पण त्या गोंधळात एक गोष्ट होती, जी तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. नाव घरचं माणूस देई. घरच्याने दिलं नाही तर वाचलं जात नसे.

फादर सेबेस्टियन म्हणाले, "यंदा चिठ्ठ्या नकोत. आपल्याकडे सगळं आहेच. हिलरी, आळीप्रमाणे आणि घराप्रमाणे मृतांची नावं काढ. म्हणजे एका घराची नावं सलग येतील, आणि ती संपली की त्या घराने आपल्या मेणबत्त्या लावायच्या. किती छान दिसेल." आणि मग हसून म्हणाले, "आणि वाचायचंसुद्धा तूच. तुझी मेहनत आहे."

नावं काढायचा हुकूम हिलरीने दुपारच्या सुट्टीत कंपनीतच कागदावर लिहिला. सोपं काम होतं. आळीत जा, घरात जा, माणसाकडे जा, त्याची स्थिती बघ. जिवंत असेल तर सोडून दे. आणि नसेल तर? शेलमध्ये अशा ठिकाणी शेवटी एक चांदणीची खूण टाकायची पद्धत असते. चांदणी म्हणजे वरच्यात न बसलेलं सगळं. हिलरीने लिहिलं, जिवंत, सोडून दे. खाली चांदणी टाकली आणि तिच्यापुढे लिहिलं, नाव छाप. हात थांबला नाही, मनात काही आलंही नाही. डबा संपवून तो कामाला लागला.

कागद छापून आले तेव्हा त्याने आपली आळी तपासली, आपलं घर तपासलं, वर दोन-चार घरं पाहिली. बरोबर होतं सगळं.

त्या संध्याकाळी त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शर्लिन पुढेच उभी होती, मुलीला कडेवर घेऊन. वारा होता, पण माइक चांगला होता. हिलरी एकेक घर वाचत गेला. लोकांना पद्धत लगेच कळली. घराची नावं संपली की तो क्षणभर थांबे, आणि दफनभूमीच्या एखाद्या कोपऱ्यात त्या घराच्या मेणबत्त्या पेटत. जितकी नावं तितक्या मेणबत्त्या. अंधारत चाललं होतं आणि आळीमागून आळी उजळत होती. म्हाताऱ्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "कसा सुंदर वाचतो! जल्मात पोराचा आवाज आयकला नवता." हिलरीच्या कानावर ते आलं. त्याचा आवाज आणखी खुलला.

तो रेमंडच्या घरावर आला. रेजिनाच्या सासऱ्यांचं नाव वाचलं. सासूचं वाचलं. आणि त्याच लयीत, त्याच खुललेल्या आवाजात, त्याच्या तोंडून रेमंडचं नाव बाहेर पडलं.

बाहेर पडत असतानाच त्याला ते ऐकू आलं. माइकमधून त्याचाच आवाज कबरींवरून पसरत पलीकडच्या भिंतीला लागून परत आला. तेव्हा तो थांबला असता, "चुकलं, हे नाव नाही" एवढे चार शब्द बोलला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण समोर सगळं बंदर उभं होतं, शर्ट पांढरा होता, आणि इतका वेळ एकही चूक झाली नव्हती. त्याने पुढचं घर वाचायला घेतलं.

वाचता वाचता त्याने कागदाच्या कडेवरून पाहिलं. रेजिना सासू-सासऱ्यांच्या कबरीपाशी उभी होती. तिच्या हातात दोन मेणबत्त्या होत्या. शेजारच्या कबरीपाशी थेरेसा होती, मनाने फार चांगली बाई. रेजिनाला एक मेणबत्ती कमी पडते आहे असं पाहून तिने आपल्यातली एक पुढे केली. रेजिनाने ती घेतली नाही. थेरेसा तशीच हात पुढे करून उभी. शेवटी प्लासिडने ती तिच्या हातातून घेतली, वाळूत रोवली आणि पेटवली. रेजिना खाली बसली. लोकांना वाटलं, आता रडेल, बरं होईल, इतक्या वर्षांचं साठलेलं आहे. तिने पंजाने ती ज्योत दाबून विझवली आणि उठून चालायला लागली. मागे वळून पाहिलं नाही. हिलरी वाचतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका रेजिनाच्या घरी जायला लागल्या. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. नाव चर्चच्या माणसाकडून वाचलं गेलं म्हणजे निकाल लागला, असंच सगळ्यांना वाटलं. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कुणी पेज पाठवली, कुणी पाव आणि कॉफी. रेजिनाने सगळी भांडी झाकणासकट परत केली. प्लासिड फादरांकडे जाऊन विचारून आला की मिस्सा कोणत्या वारी ठेवायची. आता एकदाचं उरकून टाकलं म्हणजे तिलाही मोकळं वाटेल, असं म्हणाला.

प्लासिडच्या बोलण्यातून फादरांना चूक कळली, तेव्हा ते घाबरले. रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी सूचनांमध्ये सांगितलं, "मृतांच्या दिवशी कॉम्प्युटरच्या चुकीने एक नाव जादा वाचलं गेलं. त्या कुटुंबाची आम्ही क्षमा मागतो." लोकांनी माना हलवल्या. यंत्रच ते, चुकायचंच. दोघं-तिघं हिलरीकडे बघून सहानुभूतीने हसलेसुद्धा. देवाच्या घरात खोटं बोलू नये एवढं आपल्याला लहानपणी शिकवतात. गप्प बसण्याबद्दल कुणी काही शिकवत नाही. हिलरी बाकावर गप्प बसला.

घरी आल्यावर शर्लिनने मासळीच्या कढीचं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "त्या कॉम्प्युटरला तोंड हाय का?"

"काय?"

"नाय, विचारते. वाचलं कोनी?"

त्याने पान पुढ्यात ओढलं.

"आनि वाचल्यावर थांबला का नाय? मी पुढंच हुबी होती, हिलरी. तुझं तोंड मी पायलं. तुला कळलं होतं."

त्याने पान तसंच सारलं. चर्चमध्ये जाऊन कॉम्प्युटर लावला आणि तो हुकूम उघडला. शोधावं लागलंच नाही. दोन ओळी होत्या. जिवंत, सोडून दे. चांदणी, नाव छाप. तो त्या चांदणीकडे बघत बसला. तिसरी स्थिती त्यानेच बनवली होती, कौतुकाने बनवली होती, तिच्याकडचा चहा पिऊन बनवली होती. मग इथे ती कशी आठवली नाही? आणि जसजसा तो बघत बसला तसतसं त्याला कळत गेलं की विसरलो असं म्हणणं हीसुद्धा एक पळवाटच आहे. त्याच्या मनात जिवंत आणि मेलेले अशा दोनच पेट्या होत्या. रेमंड कुठल्या पेटीत आहे याबद्दल त्याला कधी शंकाच नव्हती. 'दर्यावर' हा शब्द त्याने लिहिला होता तो रडणाऱ्या मुलाच्या हातावर खाऊ ठेवावा तसा. फाइलीत दया होती. खरं काय मानतो ते चांदणीत होतं.

तो जागेवरून उठला तेव्हा त्याचे कान तापले होते. समोर कुणी नव्हतं, तरी.

रेजिना बोंबील वाळत घालायच्या बांबूंपाशी होती. तो येताना दिसला तरी तिचे हात थांबले नाहीत. एकेका बोंबलाचं तोंड दुसऱ्यात अडकवून ती जोड्या दोरीवर टाकत होती.

"वयनी, कॉम्प्युटरची चूक नव्हती."

तिने पुढची जोडी दोरीवर टाकली.

"मी लिहिलेलं तसंच होतं. जो जिवंत नाही तो मेलेला, असं मीच लिहिलं. आणि वाचताना मला कळलं होतं. मी थांबलो नाही."

"का नाय थांबला?"

"लाज वाटली."

रेजिना हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "लाज वाटली. माजा नवरा सगल्यांसमोर मारलास, तेची नाय वाटली. चुकलो म्हनायची वाटली."

हिलरी खाली बघत उभा राहिला. वाळूत दोन-चार बोंबील पडले होते, त्यावर माश्या.

"येक सांग. तू त्याला मेलेलाच समजतो ना?"

खोटं बोलावं असं फार वाटलं त्याला. "हो," तो म्हणाला.

"मग माज्या घरी बसून, माजा चाय पिऊन, दर्यावर कशाला लिवलंस? तवाच बोलायचं होतं. मी तुला हाकलला असता, बास. यवढंच झालं असतं."

"चुकलं वयनी."

"मला सांगतो काय? मी यकटी होती का तिथं? जिथं वाचलंस तिथं सांग."

हिलरी फादरांकडे गेला. फादर म्हणाले, "अरे, आता विझत आलेलं पुन्हा कशाला पेटवतोस? मी सांगितलंय ना सगळ्यांना." फादरांचंही खरं होतं. स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं ते परत कसं घेणार? पण हिलरी हट्टी होता हे मी आधी म्हटलंच आहे. पुढच्या रविवारी सूचना संपता संपता तो उठला आणि माइकपाशी गेला. फादरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाले. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

हिलरीने कागद आणला नव्हता. "रेमंडदादाचं नाव कॉम्प्युटरने नाही वाचलं, मी वाचलं," तो म्हणाला. "घरच्यांनी दिलेलं नव्हतं. रेजिनावयनीने मला वेगळं सांगितलं होतं, मी कबूल केलं होतं. पण मी मनातून त्याला मेलेलाच धरून चाललो होतो, म्हणून तसं लिहिलं गेलं. मला तो अधिकार नव्हता." त्याला आणखी बोलायचं होतं. जमलं नाही.

त्याला वाटलं होतं, बोललो की छाती हलकी होईल. पण समोर बघितलं तर बाकांवरच्या माना एकेक करून खाली जात होत्या. प्लासिडची गेली. मेणबत्ती पुढे करणाऱ्या थेरेसाची गेली. पेज पाठवणाऱ्यांच्या गेल्या. मनातून तर सगळेच तसं धरून चालले होते. हिलरीने सगळ्यांचं झाकलेलं भांडं उघडलं होतं, आणि सगळ्या खाली गेलेल्या मानांमध्ये रेजिनाची एकटीची मान वर होती. ती सगळीकडे बघत होती. एवढ्या वर्षांत तिच्याबरोबर कोण थांबलं होतं ते मोजत असल्यासारखी. कुणीच नव्हतं. क्षमा मागायला उभा राहिलेला हिलरी तिला तेही दाखवून बसला.

बाहेर क्रुसापाशी ती त्याची वाट बघत थांबली होती. लोक लांबून वळसा घालून जात होते.

"तुज्या यंत्रात तो आता कुठं हाय?" तिने विचारलं.

"दर्यावर."

"आनि फुडल्या वर्साला? दर्यावरचा मानूस आला की यंत्र काय करनार?"

"चांदणी काढून टाकली मी," तो म्हणाला. मग तिला ते कळणार नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "आता जो शब्द त्याला नीट ठाऊक नाही त्याच्यावर ते थांबतं. पुढे जात नाही. मला विचारतं, याचं काय करू."

"तुला विचारतं?"

"हो."

"तुला काय ठाऊक?"

तिने पदर खोचला.

"तुला विचारलं की तू मला येऊन विचारायचं," रेजिना म्हणाली. "दर वर्साला. नावं काढायच्या आदी. दारात हुबा राहून, तोंडानं. मी सांगेन ते लिवायचं. नाय विचारलंस तर मी त्या यंत्रावर दगड घालीन, फादरांना सांग."

"येईन वयनी."

त्या दिवसापासून हिलरीने चर्चमध्ये काही वाचलं नाही. दोन-तीनदा आग्रह झाला, तो नाही म्हणाला. पण ऑक्टोबर सरत आला की यंत्र आळीत शिरायचं, घरात शिरायचं, रेमंडपाशी थांबायचं आणि प्रश्न टाकायचं. एक कळ दाबली असती तर पुढे गेलं असतं, उत्तर त्याला ठाऊक होतं. तरी तो पायात चपला घालून निघायचा. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, एकदा जाऊन आलो की झालं. दुसऱ्या वर्षी वाटलं, हळूहळू सवय होईल. सवय झाली नाही. त्या दाराशी उभं राहून, एका बाईला तिचा नवरा जिवंत आहे की मेला हे विचारायचं, हे दर वर्षी पहिल्याइतकंच जड जायचं. रेजिना मुद्दाम लगेच बोलायची नाही. हातातलं काम पुरं करायची. आळीतली माणसं येता-जाता बघायची, कुणीतरी म्हणायचं, "आला गो तुजा यंत्रवाला." मग ती वर बघायची, उत्तर द्यायची, आणि आत जायची. चहा तिने पुन्हा कधी विचारला नाही.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात तो गेला तर दाराला कुलूप. प्लासिडची मुलगी म्हणाली, "काकीला वसईला दवाखान्यात ठेवलीय. छातीत पानी झालंय." हिलरी परत फिरला. आजारी बाईला कुठे जाऊन विचारायचं? या वर्षी तेच लिहू, असं म्हणत तो चर्चपर्यंत आला. कॉम्प्युटर तसाच थांबलेला होता. तो बाहेर आला आणि रिक्षा केली.

बायकांचा मोठा वॉर्ड होता. रेजिना खिडकीजवळच्या खाटेवर, नाकात नळी, पार वाळलेली. हिलरीला बघून नर्स पुढे आली. "कोण हवंय? त्यांना बोलू देऊ नका, धाप लागते."

"नाही, मी नंतर येतो," तो चटकन म्हणाला. खरं तर त्याला सुटल्यासारखंच झालं.

"येऊ दे त्याला," खाटेवरून आवाज आला. "त्याला विचारायचंय. त्याचं कामच हाय ते."

हिलरी खाटेशी गेला. आजूबाजूच्या खाटांवर बायका, त्यांच्या उशाशी कुणाच्या सुना, कुणाच्या मुली. तो वाकला आणि अगदी हळू, तिच्याच कानावर जाईल एवढं बोलला.

रेजिनाने डोळे मिटलेलेच ठेवले. "मोट्यानं विचार."

"वयनी, लोक आहेत."

"तवापन लोकच होते."

हिलरी सरळ उभा राहिला. "रेमंडदादाचं काय लिहू?" त्याने विचारलं. वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने आपल्या सुनेला विचारलं, कोण रेमंड, काय झालंय त्याला. हिलरीचे कान जळत होते. तो खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा राहिला आणि थांबला. रेजिनाला धाप लागली होती. धाप ओसरेपर्यंत ती तशीच पडून राहिली. नर्सने दोनदा खूण केली. तो हलला नाही.

"दर्यावर," रेजिना म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवली.